म्हणजे नक्की काय करतेस गं तू?

मावशी दर भेटीत विचारते, दिग्दर्शन सोडलंस का. सोडलं नाहीये गं, पण गेली काही वर्षं एक नाटक स्वतः बसवायचं आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी नाटकात ड्रामाटर्ग म्हणून काम करायचं, असं आलटूनपालटून चाललंय. मग तिचा पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे नक्की काय करतेस? खरं सांगू, पहिली दोन नाटकं होईस्तोवर मलाही ते धड सांगता येत नव्हतं.

ड्रामाटर्ग संहितेचे सगळे खर्डे वाचतो, काय कापायचं, कुठला प्रवेश आधी घ्यायचा हे सुचवतो, अनुवाद असेल तर मूळ ओळींशी ताडून बघतो, नाटक जुन्या काळातलं असेल तर तेव्हा पत्र पोचायला किती दिवस लागायचे असलं काहीबाही शोधून देतो. नटांना मात्र थेट काही सांगायचं नाही, दिग्दर्शकाला टाळून नटाशी बोललात की संपलंच. तालमीत मागे अंधारात बसायचं आणि वहीत एकाच गोष्टीचा हिशोब ठेवायचा, की प्रेक्षकाला आत्ता या क्षणी काय माहितीये.

या कामाची सुरुवातच मुळात रुसव्याफुगव्यांनी झाली. १७६७ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या नव्या नॅशनल थिएटरने लेसिंग या नाटककार-समीक्षकाला नोकरीवर घेतलं, काम काय तर त्याच थिएटरच्या नाटकांवर लिहायचं. पगार थिएटरचा आणि टीकाही थिएटरवरच! नट-नट्या इतक्या दुखावल्या की थोड्याच दिवसांत त्याने अभिनयावर लिहिणं सोडून दिलं आणि नाटकाच्या रचनेबद्दलच लिहीत राहिला. थिएटर दोनेक वर्षांत बुडालं, ते लेख मात्र टिकले.

दिग्दर्शन आणि ड्रामाटर्गचं काम, दोन्ही एकाच डोक्यात कशी नांदतात हे बघायचं तर जर्मन नाटककार-दिग्दर्शक ब्रेख्त. तोही आधी म्युनिकला आणि मग १९२४ पासून बर्लिनच्या डॉइचेस थिएटरमध्ये ड्रामाटर्ग होता. त्याच्या ‘मदर करेज’ या नाटकाचा पहिला प्रयोग १९४१ मध्ये झुरिकला झाला, तो स्वतः तेव्हा परागंदा, आणि लोकांना त्यात एक बिचारी सोसणारी आई दिसली, त्याला तर दाखवायची होती युद्धावर धंदा करणारी बाई. मग १९४९ ला बर्लिनमध्ये करताना त्याने संहिताच बदलली. आधी ती जखमींच्या पट्ट्यांसाठी आपले शर्ट स्वतः फाडून देते, नव्यात तिच्याकडून ते जबरदस्तीने घ्यावे लागतात. पहिल्या प्रवेशात ती एक बक्कल विकण्यात गुंतलेली असते तेवढ्यात मुलगा सैन्यात भरती होऊन जातो. एक बक्कल!! हे असं बारीक काम मला फार आवडतं, त्या वेळी तिचे हात कुठे आहेत ते बदललं. आणि एवढं करूनही ते काम करणाऱ्या हेलेन वायगेलला बघून लोक रडलेच.

पण सगळेच ब्रेख्त नसतात. मी एकदा ठरवलं, दिग्दर्शनही मीच करणार आणि ड्रामाटर्गही मीच, आपल्याला दोन्ही येतंय की, वेगळा माणूस आणि वेगळं मानधन कशाला. नाटकात एक लांबलचक स्वगत होतं, दुसऱ्याच्या नाटकात असतं तर पहिल्या वाचनालाच त्यावर काट मारली असती, पण त्याचा लाइट मीच लावून घेतलेला, नटीबरोबर तीन आठवडे मीच झटलेले, त्यामुळे ते लांब आहे हे मला दिसेचना. चौथ्या प्रयोगाला बरोब्बर त्याच जागी लोक खोकायला लागले. सर्दी सगळ्यांना एकदम होत नसते.

तेव्हापासून माझ्या नाटकाला ड्रामाटर्ग दुसराच कुणीतरी. मागच्या नाटकात त्याने तीन तालमींच्या नोट्समध्ये एकच प्रश्न लिहिला, भाऊ परत का येतो? पहिल्यांदा मी उत्तर दिलं, दुसऱ्यांदा चिडले, तिसऱ्यांदा कळलं की उत्तर नाहीचे, आणि रंगीत तालमीच्या दोन दिवस आधी अख्खा प्रवेश काढला. भावाचं काम करणारा नट माझ्याशी महिनाभर नीट बोलत नव्हता. ड्रामाटर्गशी मात्र त्याच्या गप्पा जोरात, कारण काट कुणी सुचवली हे त्याला अजूनही माहीत नाहीये.