परतीचं तिकीट

सोमवार

परदेशातून मूल दत्तक घ्यायला येणाऱ्या पालकांचा आज पुन्हा तोच मेल. "काराची एनओसी आली, आता तिकिटं काढू का?" कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, आणि एनओसी म्हणजे तिचं ना-हरकत प्रमाणपत्र.

यायचं काढा. परतीचं काढू नका. काढायचंच असेल तर तारीख बदलता येईल असं काढा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. मूल दत्तक घ्यायला अमेरिकेतून, इटलीतून, स्पेनमधून महाराष्ट्रात येणाऱ्यांची शेवटच्या आठवड्यात जी दमछाक होते, ती बहुतेक वेळा या तिकिटापायी होते.

एनओसी आली की सगळं झालं असं वाटतं, पण खरी रांग तिथूनच लागते. एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकासाठीच्या १९९३ च्या हेग कराराला भारतानं २००३ मध्ये मान्यता दिली. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. आधी पालकांच्या देशाचं पत्र आणि संमती, म्हणजे करारातली कलमं ५ आणि १७. मग काराची एनओसी, मग दत्तकाचा आदेश, आदेशाची सर्टिफाइड कॉपी, कलम २३ चं प्रमाणपत्र (दत्तक करारानुसार झालं असं काराचं पत्र), नव्या आई-वडिलांच्या नावाचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि शेवटी व्हिसा. एक कागद अडला की पुढचा हलत नाही. नियमांत मुदती आहेत: आदेश दोन महिन्यांत, काराचं प्रमाणपत्र तीन कामाच्या दिवसांत, पासपोर्ट दहा दिवसांत. पण त्यात गणपती, दिवाळी आणि कोर्टाची मे महिन्यातली सुट्टी धरलेली नसते. ती आपण धरायची.

आदेश नक्की कोण देणार, हेही आधी विचारून घ्यावं. बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं हा अधिकार कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आणि १ सप्टेंबर २०२२ पासून ती लागू झाली. मात्र मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये, कोर्टांपुढची प्रकरणं तूर्त तिथंच चालू ठेवायला सांगितलं. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या ओळखीच्या जोडप्याचा अनुभव इथं जसाच्या तसा लागू होईलच असं नाही.

आदेश झाल्यावर दोन महिन्यांच्या आत पालकांनी स्वतः येऊन मूल न्यायचं असतं. मामा, आजी, कंपनीचा माणूस चालत नाही. एनओसीनंतर आदेशाआधीच मूल भारतात तात्पुरतं पालकांकडे देण्याची सोय नियमात आहे. पण मग एक तर इथंच मुक्काम ठोकावा लागतो किंवा दोन फेऱ्या होतात. दोन फेऱ्यांपेक्षा एकच लांब मुक्काम बरा. मुलाला दोनदा सोडून जाण्यापेक्षा तर नक्कीच.

मंगळवार

न्यू जर्सी, बे एरिया, डॅलस इथल्या मराठी जोडप्यांचे फोन वाढलेत. "आम्ही इथलेच, पासपोर्टही भारतीय, मग आम्हाला सोपं जाईल ना?"

रांगेच्या बाबतीत खरंच सोपं. अनिवासी भारतीयांना भारतात राहणाऱ्यांच्या बरोबरीनं धरतात. अडचण अमेरिकेच्या बाजूनं येते. हेग करारातल्या देशातून मूल आणायचा तिथला अर्ज, आय-८००ए, अमेरिकी नागरिकालाच करता येतो. जोडपं असेल तर दोघांपैकी एक तरी नागरिक लागतो. दोघंही ग्रीन कार्डवर किंवा एच-१बी वर असतील तर हा रस्ता बंद. दुसरा रस्ता म्हणजे दत्तकानंतर दोन वर्षं मुलाचा कायदेशीर ताबा आणि दोन वर्षं त्याच्यासोबत प्रत्यक्ष राहणं, मग व्हिसा. म्हणजे कुणीतरी एकानं दोन वर्षं भारतात येऊन राहायचं. हे होम स्टडीच्या, म्हणजे पालकांच्या घराच्या आणि परिस्थितीच्या पाहणीच्या आधी कळलं तर निर्णय घेता येतो. मूल पसंत केल्यावर कळलं तर फक्त रडू येतं.

दुसरा गैरसमज दत्तकपत्राचा. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा. नात्यातलं मूल घेतलं, सब-रजिस्ट्रारकडे दत्तकपत्र नोंदवलं, आता घेऊन जाऊ, असं गावाकडची मंडळी छातीठोकपणे सांगतात. ते पत्र इथं वारसाहक्काला उपयोगी पडेल. विमानात बसायला काराची एनओसी लागतेच.

बुधवार, रात्री उशिरा

रिपोर्ट कसा वाचायचा यावर कुणी बोलत नाही. मुलाचे दोन कागद येतात, अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल. दोन्हींवर सही करून ३० दिवसांत होकार कळवायचा असतो. हे ३० दिवस फोटो बघण्यात घालवू नयेत.

परदेशी पालकांना सुचवली जाणारी मुलं बहुतेक करून मोठी, भावंडांची जोडी किंवा विशेष गरजांची असतात. त्यामुळे वैद्यकीय अहवाल बालरोगतज्ज्ञाला दाखवावा आणि त्यात पुढच्या गोष्टी बघाव्यात. डोक्याचा घेर एकदाच मोजलाय की दर काही महिन्यांनी? एका आकड्याला अर्थ नसतो, चढती रेघ दिसली पाहिजे. वजनाचंही तेच, शिशुगृहात आल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांत वजन कसं उचललं, ते बघावं. एचआयव्हीची चाचणी १८ महिन्यांच्या आत 'पॉझिटिव्ह' आली असेल तर घाबरू नये आणि गृहीतही धरू नये. तेवढ्या लहान बाळात आईच्या अँटीबॉडी सापडतात, म्हणून पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी चाचणी, मागावी. मूल नंदुरबार किंवा गडचिरोलीकडचं असेल तर सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालीय का, हे विचारावं. आणि सापडलेल्या मुलाची जन्मतारीख ही डॉक्टरांनी दात, उंची, चालणं बघून ठरवलेली असते. तिकडे शाळेत "वयाच्या मानानं मागे आहे" असा शेरा आला की हे आठवावं.

'सोपवलेलं' आणि 'सापडलेलं' यांत फरक आहे, तोही अहवालात वाचावा. आई-वडिलांनी बालकल्याण समितीसमोर स्वतः सोपवलं असेल तर त्यांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. सापडलेल्या मुलाच्या पालकांचा आधी शोध घेतला जातो. मग मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिन्यांत आणि मोठं असेल तर चार महिन्यांत समिती ते दत्तकासाठी मुक्त जाहीर करते. पुढे हेच मूल पंधराव्या वर्षी विचारणार आहे. तेव्हा "कुठं सापडलं, अंगावर काय होतं, नाव कुणी ठेवलं" एवढं तरी आजच फाइलमधून उतरवून घ्यावं.

गुरुवार

नाव. एका अक्षरानं दोन आठवडे जातात.

आपल्याकडे मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. तिकडे पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. शिशुगृहातलं नाव पालकांना मधल्या जागी ठेवायचं असतं, आणि इकडचा कारकून सवयीनं मधल्या जागी बापाचं नाव टाकतो. एकट्या आईनं दत्तक घेतलं असेल तर तो रकाना कोरा बघून त्याचा हात थबकतोच. आदेशात एक स्पेलिंग, जन्मदाखल्यात दुसरं, व्हिसाच्या अर्जात तिसरं असं झालं की पासपोर्ट अडतो. आदेशातली चूक दुरुस्त करायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, पुन्हा सर्टिफाइड कॉपी.

उपाय साधा. एका कागदावर मुलाचं पूर्ण नाव आणि दोन्ही पालकांची नावं पासपोर्टात आहेत तशी मोठ्या इंग्रजी अक्षरांत टाइप करावीत, खाली सह्या कराव्यात आणि तोच कागद वकील, दत्तक संस्था, जन्मनोंदणी कार्यालय या सगळ्यांना द्यावा. फोनवर नाव सांगू नये. आदेशाचा मसुदा दाखल होण्याआधी वाचायला मागावा, त्यात संकोच कसला?

पैशांचंही आजच लिहून टाकते. परदेशातल्या पालकांसाठी संस्थेला द्यायची ठरलेली रक्कम ५,००० डॉलर आहे. ती बँकेतून द्यावी, पावती घ्यावी. त्यावर कुणी 'देणगी' मागितली तर देऊ नये, कळवावं. खुशीनं द्यायचंच असेल तर सगळं पार पडल्यावर, वर्षभरानं द्यावं. मुलाच्या बदल्यात पैसा हा बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा.

शनिवार

पहिली भेट.

पालक येतात ते विमानातून उतरून, झोप नाही, हातात टेडी, डोळ्यांत पाणी. मूल असतं आपल्या रोजच्या वेळेत. दहाला नाष्टा, बाराला वरणभात, मग झोप. म्हणून भेट सकाळी साडेदहा-अकराला, पोट भरल्यावर. संध्याकाळी कधीच नको. दिवेलागणीला ही मुलं तशीच किरकिरी असतात.

आत आल्यावर चपला काढून खाली सतरंजीवर बसायचं. मुलाकडे जायचं नाही, मूल येईपर्यंत थांबायचं. हातात एकच वस्तू: डबा-झाकण, चेंडू, पाण्याची बाटली. मूल शिशुगृहातल्या ज्या सांभाळणाऱ्या मावशीला चिकटलेलं असतं, तिनं आधी पालकांशी हसून बोलायचं, त्यांच्या हातून बिस्कीट घेऊन स्वतः खायचं, मग मुलाला द्यायचं. मुलाला आपल्या भाषणातलं काही कळत नाही, पण मावशीनं यांच्या हातचं खाल्लं हे कळतं. पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी जेवण भरवणं आणि आंघोळ, तिसऱ्या दिवशी दुपारची झोप पालकांच्या कुशीत. चौथ्या-पाचव्या दिवशी हॉटेल. मोठ्या मुलाला यापेक्षा जास्त दिवस द्यावेत.

सगळे रडणाऱ्या मुलाची काळजी करतात. रडणारं मूल बरं. त्याला कुणीतरी होतं आणि ते सुटतंय, हे त्याला कळलंय. जे मूल पहिल्याच मिनिटाला अनोळखी माणसाच्या कडेवर जातं, हसतं, मागं वळूनही बघत नाही, त्याच्याकडे पुढचं वर्षभर जास्त लक्ष द्यावं लागतं.

तयारी महिनाभर आधी सुरू व्हावी. पालकांनी दहा-बारा पानांचा लॅमिनेट केलेला अल्बम पाठवावा: आई, बाबा, घराचं दार, पलंग, कुत्रा असेल तर कुत्रा. मावशी रोज झोपताना तो दाखवतात. पानावरचे शब्द मराठीत हवेत, कारण दाखवणारी मावशी मराठीच बोलते. पालकांनी उलट वीसेक शब्द पाठ करावेत: ये, बस, भूक लागली?, शू आली?, दुखतंय?, झोपू या, मी आहे. मराठी घरात बालपण गेलेल्यांना हे सांगावं लागत नाही. पण इटलीहून आलेल्या बाईनं "शू आली का?" असं विचारलं की मूल आधी चकित होतं आणि मग खरंच आली असेल तर सांगतं.

रविवार

हॉटेलमधली पहिली रात्र. शिशुगृहात दहा-पंधरा पाळणे ओळीनं, मंद दिवा चालू, कुणीतरी खोकतंय, कुणीतरी कुशीवर वळतंय. हॉटेलच्या खोलीत काळोख, एसी आणि शांतता. मूल त्या शांततेनं दचकतं. दिवा चालू ठेवावा, पंखा लावावा, एसी बंद. मुलाचं पांघरूण किंवा झबलं शिशुगृहातून न धुता आणावं आणि घरी पोचेपर्यंत धुऊ नये. त्या वासावर मूल झोपतं. शिशुगृहाला बदली दोन नवी पांघरुणं द्यावीत, म्हणजे मागताना ओशाळं वाटत नाही.

खाणं आठवडाभर तेच: मऊ वरणभात, नाचणीची पेज, केळं. दूध पावडरचा ब्रँड विचारून दोन डबे घ्यावेत आणि बाटलीच्या निपलचं भोकही बघावं. शिशुगृहात घाईच्या वेळी लवकर संपावं म्हणून ते मोठं केलेलं असू शकतं. नव्या बारीक भोकाच्या निपलनं मूल चिडतं आणि पालक म्हणतात, दूध पीत नाही. काही मुलं थांबतच नाहीत, ताटात असेल तोवर खातात, पोळीचा तुकडा मुठीत धरून झोपतात. तो तुकडा काढून घेऊ नये.

पुरळ दिसली आणि रात्री खाज जास्त असली तर आधी खरजेचा विचार करावा. मलम डॉक्टरकडून घ्यावं आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावं. जुलाब झाले तर ओआरएस. मोठं पाकीट असेल तर एका लिटरला एक, अर्ध्या पेल्यात अर्धं असं अंदाजानं नाही.

मुलाचा फोटो फेसबुकवर टाकायचा मोह याच रात्री होतो. आदेशाआधी तर अजिबात नको. अशा मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे.

बुधवार, दिल्ली

अमेरिकेला जाणाऱ्यांचा दत्तकाचा व्हिसा मुंबईत होत नाही, दिल्लीतल्या दूतावासात होतो. हे तिकीट काढताना विसरतात आणि परतीचा प्रवास मुंबईहून ठेवतात. दिल्लीत त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडेच तपासणी करावी लागते. दोन वर्षांवरच्या मुलाची क्षयाची रक्तचाचणी, इग्रा, होते. ती पॉझिटिव्ह आली की छातीचा एक्स-रे. एक्स-रेमध्ये काही दिसलं की थुंकीचं कल्चर, आणि त्याला आठ आठवडे लागतात. इथं तिकिटाची तारीख कामी येत नाही. क्षयाच्या वॉर्डजवळ राहिलेलं किंवा लागण झालेल्या नातेवाइकाकडून आलेलं मूल असेल तर ही शक्यता धरून एका पालकानं रजा मोकळी ठेवावी. लसी राहिल्या असतील तर दहा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पालकांना प्रतिज्ञापत्र देता येतं, त्यासाठी एका दिवसात चार सुया टोचायची गरज नाही.

हातातल्या पिशवीत, बॅगेत नव्हे: आदेशाची सर्टिफाइड कॉपी, कलम २३ चं प्रमाणपत्र, जन्मदाखला, पासपोर्ट, लसीकरणाचं कार्ड आणि या सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. दूतावासानं सीलबंद पाकीट दिलं असेल तर ते फोडायचं नाही. विमान चढता-उतरताना बाटली तोंडात. बदलायचे कपडे मुलाचे तीन जोड, आईचा एक. आईचा विसरतात.

शुक्रवार

परत पोचल्याचा मेसेज येतो, मग महिनाभर शांतता, मग मूल कसं रुळतंय याचा पहिला अहवाल. दोन वर्षांत एकूण सहा: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. पहिल्या अहवालात 'झोप' या रकान्यात बहुतेक जण "चांगली" लिहितात. आज आलेल्यात लिहिलंय: "दिवा चालू ठेवून. दोन वाजता उठते, दार बंद आहे का बघते, परत झोपते." असं लिहिलं की पुढचं काही सुचवता येतं. उत्तरात लिहिलं: दार अर्धं उघडं ठेवून बघा, आणि ते पांघरूण अजून धुतलं नसेल तर आणखी थोडे दिवस राहू द्या.