आईचा खलबत्ता

गेले तीन रविवार मी पेन्सिलीनं एकाच वस्तूचं चित्र काढतेय, आईचा लोखंडी खलबत्ता. आमच्या घरी शेंगाचटणी अजून त्यातच कुटतात. मिक्सरमध्ये दाण्यांचं नुसतं पीठ होतं, खलात मात्र कुटता कुटता तेल सुटतं. आतला भाग त्या तेलानं काळाभोर आणि गुळगुळीत झालाय. बाहेरून तो खरखरीत आहे. हा फरकच मला कागदावर हवा होता.

सोलापूरचं ऊन कडक, दुपारी सावल्या फार तुटक पडतात. म्हणून सकाळी सातला, पूर्वेच्या खिडकीशी बसले. तोंडाचा लंबगोल आधी एचबी पेन्सिलीनं हलका काढला. बूड नजरेपासून आणखी खाली, म्हणून तिथली गोलाई जरा जास्त भरीव. ही चुकली की भांडं कललेलं दिसतं; पहिले दोन कागद त्यातच गेले. आतला अंधार मऊ, गडद ६बी पेन्सिलीनं, थरावर थर देत. काठावरची चमक म्हणजे कोरा ठेवलेला कागद. पांढरा रंग मी लावत नाही.

बत्त्याची मूठ अजून राहिलीय. आईच्या हातानं ती एका बाजूनं झिजलीय, तेवढी झीज नीट उतरायला हवी. पुढच्या रविवारी तीच.