भरती-ओहोटी, ताटं आणि चार सायकली

१८ जानेवारी, रविवार

दुपारभर वही, भिंतीवरचं कालनिर्णय आणि फोन घेऊन बसले होते. मांडवा ते हरिहरेश्वर, चार दिवस, सायकलवर. आम्ही दोघं, तेरा वर्षांची लेक आणि नऊ वर्षांचा धाकटा. सामान घेऊन मागून गाडीत आई-बाबा. म्हणजे पेडल मारायला चार आणि जेवायला सहा. यंदा २६ जानेवारी सोमवारी आलाय. त्या शनिवार-रविवारी निम्मी मुंबई आणि निम्मं पुणं अलिबागच्या रस्त्यावर असणार, म्हणून त्याच्या पुढचा गुरुवार धरला, २९ तारीख.

नुसते मोठे असतो तर अंतरं बघून मुक्काम ठरवले असते. धाकटा बरोबर असला की आधी वेगळंच बघावं लागतं. साडेदहाला त्याच्या पोटात काय असेल? एक वाजता तो सावलीत असेल की चढावर? भूक लागली असं तो कधी सांगत नाही. तोंड पाडतो आणि सायकल जड चालतेय म्हणतो. म्हणून वहीत मी प्रत्येक दिवसाच्या पानावर आधी खाण्याच्या वेळा लिहिल्या, गावांची नावं नंतर भरली.

आणि मग बाबांनी मधेच पंचांग घातलं. ते मूळचे गुहागरचे. मी कुलाबा किल्ला सकाळी नऊला लिहिला होता तर म्हणाले, "अगं, तिथी कोणती? एकादशी ना? तिथीची पाऊणपट कर." अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी सव्वादोन. अलिबागच्या किनाऱ्यावरून किल्ल्यात चालत जायचं ते ओहोटीलाच, तेव्हा सकाळची वेळ बाद. उलट हे सोयीचंच झालं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने सायकलींसकट तासाभरात मांडवा, तिथून वीसेक किलोमीटर रमतगमत अलिबाग, बाराला जेवण, मग पाणी ओसरलं की किल्ला. आत गोड्या पाण्याचं तळं आहे. चारी बाजूंनी खारं पाणी असताना ते गोडं कसं, यावर धाकट्याचे प्रश्न संध्याकाळपर्यंत पुरतील.

चौथ्या दिवशी, रविवारी, पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ओहोटी सव्वापाचला. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्राकडच्या खडकांवरून जाते. ती साडेचारला सुरू करायची आणि पाणी परतायच्या आत खडकांवरून बाहेर यायचं. पौर्णिमेचं उधाण असतं, पाणी लांब जातं तसं जोरातही येतं, हे बाबांनी दोनदा बजावलं. हिशोब जमला तरी देवळापाशी विचारल्याशिवाय खाली उतरायचं नाही, असं वहीत चौकट करून लिहिलंय.

२० जानेवारी, मंगळवार

आज फोनाफोनी. कोकणातल्या घरगुती खाणावळीत ताट सांगून ठेवावं लागतं. माणसं मोजून भात टाकतात, मोजून नारळ फोडतात. आयत्या वेळी सहाजण दारात उभे राहिलो तर त्यांचीच पंचाईत होते. मला ही पद्धत मनापासून आवडते. पानात येतं ते आपल्यासाठी केलेलं असतं.

पहिला मुक्काम चौल. तिकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ, ओवा, वरून पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. पाणी थेंबभरही नाही. शेंगा पाल्याच्या वाफेवरच शिजतात, आणि तो कडसर वास दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटांना राहतो. मुलांनी हे पानात वाढलेलं खाण्याआधी मडकं लावताना बघायला हवं, म्हणून मुक्कामाला पाचपर्यंत पोचायचं ठरवलं. गुरुवार आणि त्यात एकादशी, त्यामुळे अंडी-कोंबडी नको सांगितलं. आईंचा उपास आहे. त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी दोन रताळी बाहेर निखाऱ्यात टाकायला सांग, मला तेवढं पुरे." सांगितलं.

मासे शुक्रवारी रात्री, मुरूडला. नवऱ्याचं सगळं लक्ष त्या ताटावर आहे.

दिवेआगरच्या काकूंशी बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. मी म्हटलं, "काकू, शनिवारी दुपारी सहा पानं, शाकाहारी, आणि मोदक हवेत. आम्ही सायकलवर येतोय, वेळ नक्की सांगता येत नाही." त्या म्हणाल्या, "सायकलवर? पोरं पण? मग असं करा, दिघीला उतरलात की फोन करा. सारण करून ठेवते, उकड काढते त्या फोननंतर. गार मोदक कशाला खायचे?" आणि फोन ठेवता ठेवता, "चढाला पोरांना गाडीत घाला हो."

बरोबर बोलल्या. चारही दिवसांत तोच पट्टा मला अवघड वाटतो. सकाळी राजपुरीहून पहिल्या शिडाच्या होडीने जंजिरा, परतताना वाटेत खोकरीचे सिद्दींच्या कबरींवरचे दगडी घुमट, मग आगरदांड्याची फेरीबोट. दिघीला उतरेपर्यंत ऊन डोक्यावर येणार आणि समोर चढ. फेरीबोटीवर सगळ्यांनी बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खायचीच, भूक असो नसो. धाकटा चढापुरता गाडीत. त्याला आधीच सांगितलंय, म्हणजे तिथे अपमान वाटणार नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

काल गणेशजयंती झाली, त्यामुळे आम्ही पोचू तोवर दिवेआगरची गर्दी ओसरली असेल. रात्री मुलांना तिथली गोष्ट सांगितली. १९९७ साली सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली, आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा. २०१२ मध्ये तो दरोड्यात गेला, आणि २०२१ मध्ये नवा मुखवटा बसवला. लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मधली नऊ वर्षं लोक दर्शनाला येऊन काय बघत असतील? काकूंनाच विचार म्हटलं. गावातलं माणूस सांगेल ते माझ्या सांगण्यापेक्षा खरं.

काही ठिकाणं काढून टाकली. फणसाड अभयारण्य घाईत बघण्यासारखं नाही, त्यासाठी वेगळं यायचं. काशीदला फक्त सुरूच्या सावलीत शहाळी आणि साधं जेवण. पाण्यात शिरलो तर ओल्या कपड्यांनी पुढे सायकल चालवणं मुलांना जड जाईल. त्याऐवजी रेवदंडा आणि कोर्लईला सढळ वेळ दिला. रेवदंड्यात रस्ताच पोर्तुगीज कोटाच्या तटातून जातो, सायकलवरून उतरायचीही गरज नाही. पुढे साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. दीपस्तंभापासून किल्ला थोडक्यात चढता येतो, आणि खालच्या गावात आजही पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. लेकीला ती कानांनी ऐकायचीय.

रविवारी मात्र उजाडताच निघायचं. दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, आरावी करत श्रीवर्धनला जाणारा रस्ता बराचसा समुद्राला लागून आहे, आणि गाड्या सुरू व्हायच्या आत तो आपला असतो. नाश्ता श्रीवर्धनला, पेशव्यांचं स्मारक, आईंना रोठा सुपारी घ्यायचीय. दुपारी तिथेच आडवं व्हायचं. दोननंतर हरिहरेश्वर.

वाटेतला खाऊ: गूळपोळ्या. संक्रांतीच्या संपल्या, मंगळवारी पुन्हा करणार. तीळ, गूळ, तूप, उन्हात खराब होत नाहीत आणि एका हातात धरून खाता येतात. शिवाय खजूर, आणि प्रत्येकाच्या बाटलीत लिंबू-मीठ-साखर.

दिघीचा फोन आपण करणार असं लेकीने जाहीर केलंय. काकूंचा नंबर तिने वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला. उद्या चारही सायकलींचे ब्रेक बघून घ्यायचे आणि शाळेत अर्ज द्यायचा.