तुम्ही विचारलंत म्हणून: ‘फॉरेन्सिकवाल्यांना तर सगळं कळतं ना?’

मी कुठं नोकरी केली हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न येतो. पाठोपाठ पेपरातलं ताजं प्रकरण येतं, “मग तुम्हीच सांगा, खून की आत्महत्या?”

मला नाही सांगता येत. मी फॉरेन्सिक प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागात रासायनिक विश्लेषक होते. मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवलेला व्हिसेरा बरण्यांतून यायचा; एका बरणीत जठर आणि आतड्याचा भाग, दुसरीत यकृत, प्लीहा, मूत्रपिंड. लाखेचं सील शाबूत आहे का ते बघायचं, विष असेल तर वेगळं काढायचं, ओळखायचं आणि पोलीस ज्याला सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट म्हणतात तो लिहायचा. शवविच्छेदन मी आयुष्यात केलं नाही. ते न्यायवैद्यकाच्या डॉक्टरांचं काम. रक्त कुणाचं हे जीवशास्त्र आणि डीएनए विभाग बघतो, गोळी कुठल्या पिस्तुलातली हे बॅलिस्टिक्सवाले. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर तर आपल्या राज्यात सीआयडीकडे असतात. बुडालेल्या माणसाच्या अस्थिमज्जेत डायटम, म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, शोधणारा वेगळा, फोनवरचा आवाज ताडून बघणारा वेगळा. दिल्लीच्या २०१२च्या सामूहिक बलात्कार खटल्यात चाव्याच्या खुणा तपासल्या त्या धारवाडच्या दंततज्ज्ञानं.

एवढं सांगितल्यावर समोरच्याचा रस संपतो. “म्हणजे तुम्ही नुसत्या बरण्या तपासायच्या?” हो, बरण्या तपासायचे. त्याचं मला कधी कमीपण वाटलं नाही.

पण एका माणसाला हे उत्तर देताना माझी जीभ जड झाली होती, ते आज सांगते.

विश्लेषकाला सहसा साक्षीला बोलावत नाहीत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३नुसार, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३२९नुसार, आमचा अहवालच पुरावा म्हणून वाचता येतो. त्या खटल्यात मात्र बचाव पक्षानं मला उलटतपासणीसाठी मागून घेतलं. नव्यानं लग्न झालेली मुलगी, सासरी मृत्यू, व्हिसेऱ्यात ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशक. सरकार पक्षाचं म्हणणं, सासरच्यांनी बळजबरीनं पाजलं. वकिलांनी विचारलं, “तिनं स्वतः घेतलं की कुणी पाजलं, हे तुमच्या तपासणीतून कळतं का?” मी म्हटलं, नाही. “किती घेतलं?” तेही नाही. झाली साक्ष.

बाहेर व्हरांड्यात मुलीचे वडील उभे होते. कापसाचे शेतकरी. म्हणाले, “मॅडम, तिचा ओठ आतून फाटला होता, पाहिला का तुम्ही?” मी म्हटलं, बाबा, ते डॉक्टरांनी लिहिलं असेल. “औषधाच्या बाटलीवर कोणाची बोटं होती?” ते ठसेवाले सांगतात. “चिठ्ठी तिच्या हातची नाही हो.” ते हस्ताक्षरवाले. “पदरावर सगळं औषध सांडलं होतं.” साडी आमच्याकडे आलीच नव्हती.

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझी लेक तुम्ही सगळ्यांनी तुकड्यातुकड्यानं पाहिली. सगळी कोणी पाहिली?”

याचं शास्त्रशुद्ध उत्तर आहे. तुकडे जोडायचे ते तपास अधिकाऱ्यानं, आणि जोड बरोबर बसला का हे ठरवायचं न्यायाधीशांनी. तज्ज्ञाचं मत त्याच्या विषयापुरतंच. मी त्या दिवशी “पाजलं असावं” म्हटलं असतं, तर उद्या दुसरा कुणी विश्लेषक एखाद्या निर्दोष माणसाविरुद्ध तेच म्हणेल. हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते.

मात्र ती बाटली त्याच मुद्देमालात माझ्या टेबलावर आली होती. सोबतच्या पत्रात प्रश्न एवढाच होता, विष आहे का, असल्यास कोणतं. ठसे आधी घेतलेत की नाही याचा कागद नव्हता. तशी विचारणा करायची पद्धतही नव्हती. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, याचा तेव्हाच्या मला अभिमान होता. आता मी तिला म्हणते, अगं, एक फोन? ती म्हणते, तपासात नाक खुपसणाऱ्या विश्लेषकाला वकील निष्पक्ष म्हणू देतील का? तिचं खोडून काढता येत नाही. माझंही मला सोडवत नाही. खटल्याचा निकाल मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यावरून आमच्या दोघींतला वाद मिटत नाही.

आणि ‘विष आढळलं नाही’ असा अहवाल आला की आमच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप करणाऱ्यांना एक सांगते. रुग्ण चार दिवस दवाखान्यात असेल, पोट धुतलं गेलं असेल, शरीरानं विष बाहेर टाकलं असेल, तर बरणीत काही उरत नाही. विषबाधा झालीच नव्हती, असा त्याचा अर्थ आम्ही कधीच लावत नाही. तो इतर लोक लावतात.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. मला याचा मनापासून आनंद झाला. बाटली आधी ठसेवाल्यांकडे जाऊ दे, साडी वेगळी बांधा, हे तिथल्या तिथं सांगणारं कुणी असेल. त्याला विष, रक्त, काडतूस, ठसे, सगळ्याची जाण लागेल. पण साक्षीच्या पिंजऱ्यात वकील त्याला पहिला प्रश्न विचारतील, “तुम्ही नेमके कशाचे तज्ज्ञ?” त्यानं काय सांगावं, हे मला अजून सुचलेलं नाही.