पॅडल मारायला कोणी नव्हतं

ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायचं काम (ती राहिली की पॅडल मऊ पडतं) मी शिकलो तेच दोघांचं म्हणून. एकाने सीटवर बसायचं, दुसऱ्याने चाकाशी आडवं व्हायचं. खालून हाक येते, "मार!" वरचा तीन-चारदा पॅडल मारतो, शेवटी दाबून ठेवतो आणि ओरडतो, "धरलं!" खालचा चाकाजवळचा निपल, म्हणजे हवा सोडायचा पोकळ स्क्रू, पाव फेरा सोडतो, चिळकांडी उडते, निपल बंद. मग "सोड". यातला नियम एकच, पण कडक: निपल बंद झाल्याशिवाय पॅडल सोडायचं नाही. सोडलं की बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात.

त्या दिवशी माझा हेल्पर तापाने फणफणला होता. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती. पाने उचलले आणि एकटाच बसलो.

गाडी 1964 सालची, दोन सीटांची, उघड्या टपाची. पुढे डिस्क, मागे ड्रम. मालककाका तिला कौतुकाने व्हिंटेज म्हणतात, मीही म्हणतो, पण काटेकोर बोलायचं तर व्हिंटेज म्हणजे 1919 ते 1930 मधली गाडी. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांचे ब्रेक तारेचे नाहीतर दांड्यांचे, तिथे हवा काढायचा प्रश्नच येत नाही. ड्युसेनबर्गने 1921 साली गाडीला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक दिले. फोर्डच्या गाड्यांना ते यायला 1939 उजाडलं. आमच्या गाडीला ते आहेत, पण सगळी लाइन एकाच सर्किटची. एका ठिकाणी गळालं की चारही चाकांचे ब्रेक गेले, उरतो फक्त हँडब्रेक. अमेरिकेत दुहेरी सर्किट सक्तीचं झालं ते 1968 पासून. म्हणून अशा गाडीत मी "चालतंय की" म्हणून काहीही सोडत नाही.

एकट्याने करायची सोय आहे, नाही असं नाही. निपलवर पारदर्शक नळी घट्ट बसवायची, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचं. नळी निपलपासून आधी वर न्यायची आणि मग बाटलीत उतरवायची, म्हणजे बुडबुडे निपलपासून दूर वर चढतात. आता पॅडल सोडताना थोडंफार उलटं ओढलं गेलंच तर नळीतलं तेल जातं, हवा नाही. निपल अर्धा फेरा सोडून ठेवायचा, जाऊन पॅडल सावकाश दाबायचं, त्याहून सावकाश सोडायचं, परत येऊन नळी बघायची. ये-जा फार होते, एवढंच. शिवाय पॅडलखाली मी एक लाकडी ठोकळा ठेवतो. मास्टर सिलिंडर म्हणजे पॅडल दाबलं की तेल ढकलणारा पंप; त्याचं किट, म्हणजे आतली रबरं, नवं असलं तरी बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ती पोकळी, जुनं. रोजच्या वापरात पिस्टन जिथे कधी पोचत नाही तिथे गंज असतो, आणि पॅडल तळापर्यंत मारलं की नव्या रबराची कड तिथेच फाटते.

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने, म्हणजे मागच्या डावीकडून. मागची दोन्ही चाकं तासाभरात झाली. नळीत आधी फेस आला, मग मण्यांसारखे सुटे बुडबुडे, मग नुसतं पिवळसर स्वच्छ तेल. दर सहा-सात दाबांनंतर बॉनेटखाली जाऊन ब्रेक ऑइलची टाकी भरायची. ती रिकामी झाली की पहिल्यापासून सगळं.

पुढच्या चाकांना वेळ वाचवावा म्हणून हाताचा व्हॅक्युम पंप लावला. बुडबुड्यांची माळच लागली, थांबेचना. हा पंपाचा खोडसाळपणा मला माहीत होता: निपल सैल केला की बाहेरची हवा त्याच्या आट्यांमधून ओढली जाते आणि नळीत दिसते, आतल्या हवेशी तिचा काही संबंध नसतो. आट्यांभोवती ग्रीस थापलं. बुडबुडे बंद. तेल काचेसारखं. उजवं झालं, डावं झालं. खूश होऊन सीटवर बसलो आणि पॅडल दाबलं.

ते खाली गेलं. अगदी तळाला नाही, पण उशीत पाय रुतावा तसं.

इथून पुढचे तीन तास मी पद्धतीला शिव्या घातल्या. पंप सोडून परत बाटली लावली. चारही चाकं पुन्हा. पॅडल तसंच. एकट्याने हे होतच नाही, पॅडल झटक्यात मारायला माणूसच लागतो, अशी स्वतःची समजूत घातली. हेल्परला फोन लावायला मोबाइल हातातही घेतला होता. पण नळीत बुडबुडा नाही आणि पॅडल मऊ, हे जुळत नव्हतं. हवा किती असेल याचा हिशेब मनात केला. मास्टर सिलिंडरचं बोअर पाऊण इंच, पॅडलची तरफ साधारण पाचाला एक, म्हणजे पाय पाच सेंटिमीटर जातो तेव्हा पिस्टन एक. म्हणजे लाइनमध्ये एक मिलिलिटर हवा राहिली तर पॅडल जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर फुकट जातं. माझं त्याच्या दुप्पट तरी जात होतं. एवढी हवा दडून बसायला चांगली खोली हवी, कुठल्यातरी पाइपाचं वळण पुरणार नाही.

मग जे दोन तास आधी करायला हवं होतं ते केलं. तिन्ही रबरी होजना, पुढचे दोन आणि मागच्या एक्सलचा एक, गोल जबड्याचे क्लॅम्प लावून तेलाची वाट बंद केली. पॅडल दगडासारखं टणक. म्हणजे मास्टर सिलिंडर ठीक. मागचा क्लॅम्प काढला, पॅडल थोडंसंच हललं. ड्रमला तेवढं लागतंच. उजव्या पुढच्याचा काढला, पॅडल बोटभर खाली. तो परत लावून डाव्याचा काढला. पुन्हा बोटभर.

दोन्हीकडे सारखंच. हवा अशी वाटणी करून बसत नाही. चूक सारखी असेल तर ती जोडणीची.

टॉर्च घेऊन उजव्या कॅलिपरखाली, म्हणजे डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणाऱ्या भागाखाली, डोकं घातलं. खालीच घालावं लागलं, कारण निपल खाली होता. दिवसभर त्या निपलवर नळी चढवताना मी मनगट खालून वळवत होतो, ती थेट बाटलीकडे लोंबत होती, आणि मला ते सोयीचं वाटलं होतं! होजसुद्धा जरा पीळ घेऊन बसला होता. तेव्हा म्हटलं, नवा आहे, ताठ असेल. कॅलिपर डावे-उजवे बदलून लागले होते. बोल्ट बसतात, डिस्क फिरते, पॅड धरतात, सगळं बरोबर दिसतं. फक्त निपल वरच्या टोकाला असायचा तो तळाला येतो. हवा राहते वर, तेल निघतं खालून, आणि खालून निघालेलं तेल स्वच्छच असणार.

हे काम कोणाचं? माझंच. आठवड्यापूर्वी दोन्ही कॅलिपर घासून एकत्र रंगवले होते. खडूने लिहिलेलं डावं-उजवं रंगाखाली गेलं. बसवताना हेल्पर शेजारीच होता. म्हणजे दोघांनी मिळून केलेली चूक मी दिवसभर एकटेपणाच्या खात्यावर टाकत होतो.

खात्री करायला उजवा कॅलिपर दोन बोल्ट काढून उतरवला, होज तसाच ठेवून. पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची फळी अडकवली, नाहीतर पिस्टन बाहेर येतात. मग निपल वर येईल असा फिरवून तारेने टांगला आणि निपल उघडला. पंप नाही, पॅडल नाही, टाकीतलं तेल आपल्या वजनाने उतरू दिलं. दोनेक मिनिटं काही नाही. मग नळीत एक बुडबुडा चढला, करंगळीच्या पेराएवढा लांब, त्याच्या मागे दुसरा. मी मोठ्याने हसलो. ऐकायला कोणी नव्हतं.

बाकीचं नुसतं कष्टाचं. दोन्ही कॅलिपर सोडले, अदलाबदल केली, होजना तांब्याचे नवे वॉशर टाकले. ठिबकलेलं तेल लगेच पाण्याने धुतलं, कारण हे डॉट 4 जातीचं ब्रेक ऑइल रंगाला लागलं की पापुद्रा उचलतं. उघडून ठेवलेला डबाही वापरला नाही, सीलबंद नवा फोडला. हे तेल हवेतली ओल शोषतं. ताजं असताना त्याचा उकळबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस लागतो, ओल धरल्यावर मोजतात तेव्हा किमान 155. घाटात ब्रेक तापले की तो फरक पायाखाली कळतो.

पुढची दोन्ही चाकं आधी वजनानेच वाहू दिली, मग बाटली लावून आठ-दहा सावकाश दाब. पॅडल वर आलं आणि तिथेच थांबलं. सीट आणि पॅडलच्या मध्ये लाकडी दांडा रेटून बसवला आणि टॉर्च घेऊन एकेक जोड कोरड्या कागदाने पुसत फिरलो. कागद कोरडा राहिला. हँडब्रेकवर हात ठेवून आवारात चालण्याच्या वेगाने दोन फेऱ्या मारल्या.

रात्री हेल्परचा फोन आला. आवाज अजून घोगरा.

"दादा, हवा निघाली?"

"निघाली."

"मग पॅडल कोणी मारलं?"

"ते सोड. कॅलिपर बसवताना तू मला सांगत होतास की होज पिळतोय."

"हो ना. तुम्ही म्हणालात, नवा आहे."