पाणी, फांदी आणि सकाळचं ऊन

पुण्यात पक्ष्यांचे फोटो काढायचे असतील तर पक्ष्यांच्या मागे फिरू नका, पाण्यापाशी बसा. मार्च ते मे टेकड्यांवरचं गवत वाळून जातं आणि पक्षी रोज ठरलेल्या जागी पाण्यावर येतात. अशी जागा सोसायटीच्या बागेत, अगदी गॅलरीतही तयार करता येते.

भांडं पसरट, मातीचं आणि आतून खडबडीत असावं. पाणी कडेला एक-दीड सेंटीमीटर, मध्ये फार तर पाच. खोल कुंडी ठेवली तर बुलबुल काठावर बसून पाणी पितो, पण आंघोळीला उतरत नाही. खोल भांडंच असेल तर आत एक चपटा दगड टाका. पाणी रोज बदला आणि भांडं काथ्याने घासा. नुसतं ओतून देणं पुरत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेशी कडेला चिकटलेली असतात. साबण मात्र नको. कावळे भाकरीचे तुकडे, हाडं आणून पाण्यात भिजवतात आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत पाण्याला वास येतो, तेव्हा दुपारी पुन्हा एकदा बदलावं लागतं. शेजारी धान्य टाकू नका, नाहीतर पारवे तिथे ठाण मांडतात. झुडूप साधारण दोन मीटरवर हवं. त्याहून जवळ असेल तर मांजर त्यात दबा धरून बसतं, फार लांब असेल तर चष्मेवाले, शिंपी असे छोटे पक्षी उघड्यावर यायला धजत नाहीत.

फोटो भांड्यातला नव्हे, फांदीवरचा घ्या. दयाळ असो की बुलबुल, थेट पाण्यात सहसा उतरत नाही. आधी जवळ कुठेतरी बसून अंदाज घेतो, मग काठावर येतो, आंघोळ उरकली की पुन्हा वर बसून पिसं झाडतो आणि चोचीने नीट करतो. म्हणून भांड्यापासून अर्ध्या मीटरवर बोटाएवढ्या जाडीची, सालीसकट वाळलेली फांदी रोवा. मागची हिरवळ फांदीपासून चार-पाच मीटर लांब असेल तरच ती मऊ, एकसारखी दिसते. मागे लगेच कंपाउंडची भिंत असेल तर महागडी लेन्सही काही करू शकत नाही.

४०० मिमी लेन्सवर, एफ/६.३ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो वाढला की छिद्र लहान होतं आणि जास्त भाग स्पष्ट येतो), तीन मीटरवरच्या पक्ष्याचा जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर भाग स्पष्ट येतो. डोळा नेमका आला तरी शेपूट धूसर होते ती यामुळे. पक्षी कॅमेऱ्याला आडवा बसेल अशी फांदी लावा आणि उजेड असेल तर एफ/८ वर जा. बसलेल्या पक्ष्याला १/८०० सेकंदाचा शटर पुरतो. पिसं झाडताना उडणारे थेंब गोठवायचे तर १/२००० हवा, आणि त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १६००-३२०० झाला तरी चालेल. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही.

जांभळा शिंजीर (सनबर्ड) भांड्यात क्वचितच उतरतो, तो ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करतो. कर्दळीच्या पानांवर सकाळी पाण्याचा फवारा मारून ठेवा. नराचा निळा-जांभळा रंग पिसांच्या रचनेतून येतो, त्यामुळे ऊन तुमच्या पाठीमागून आलं तरच तो चमकतो. बाजूच्या उजेडात तोच नर नुसता काळा दिसतो. वीण संपल्यावर नराची ही झळाळी जाते, फिकट अंगावर गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा उरतो. त्याला मादी समजू नका.

सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत हेच गणित सावलीत मांडावं लागतं. उन्हाळ्यात ओढ्याच्या उरलेल्या डबक्यांवर स्वर्गीय नर्तक येतो. तिथे उजेड इतका कमी असतो की बसलेल्या पक्ष्याला १/२५० वर समाधान मानावं, लेन्सला आधार द्यावा आणि एकापाठोपाठ सलग फोटो घ्यावेत, म्हणजे पाचसहांतला एखादा तरी स्थिर निघतो. पांढऱ्या नरासाठी एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड), नाहीतर पिसांचा तपशील करपतो. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, विणीच्या दिवसांत तो हद्द राखायला धावून येतो आणि पिलांना भरवणं मागे पडतं. घरट्यापासून लांबच राहा. घरट्याला त्रास देणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच येतं.

हिवाळ्यात पाणपक्ष्यांसाठी सोलापूर रस्त्यावरचं कवडीपाट आणि पुढे उजनी धरणाच्या पाण्यावरचं भिगवण गाठा. होडीतून रोहित पक्ष्यांकडे जाताना चोची पाण्यातून वर आल्या, माना ताठ झाल्या आणि थवा एका दिशेने चालू लागला की नावाड्याला तिथेच थांबायला सांगा. उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवायला सांगणारे लोक भेटतात, त्यांच्या होडीत बसू नका. रोहित वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने धावत उडतो. वारा तुमच्या पाठीवर असेल तर स्वतःहून उठलेला थवा समोरून येतो. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग २०० मीटरवरचा रोहित कुठल्याच लेन्सने रेखीव येत नाही. त्या वेळी काठाजवळचे शेकाटे आणि धोबी हे पक्षी टिपा, कॅमेरा होडीच्या कडेवर, पाण्याच्या जितका जवळ नेता येईल तितका.