शेड्यूलरमधल्या तारखा मार्गी लावताना

शेड्यूलिंगचं, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारं, एक जुनं टूल माझ्या हाती आलं, तेव्हा त्यात तारखा निव्वळ मजकूर म्हणून साठवलेल्या होत्या. ०५/०३/२०२५ म्हणजे पाच मार्च की तीन मे? एखादा आकडा बाराच्या वर असला तरच उलगडा होतो. म्हणून आधी कुठली नोंद कुठल्या फॉर्ममधून आली ते शोधत बसलो आणि मग सगळं आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात आणलं: वर्ष, महिना, दिवस. अशा तारखा मजकुरासारख्या सॉर्ट केल्या तरी क्रम बरोबर लागतो, हा वरचा फायदा.

मग छापायचे पॅटर्न, म्हणजे तारीख कशी दिसावी ते सांगणारी अक्षरं. कोड जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतला. कॅपिटल एम महिना, स्मॉल एम मिनिटं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. छुपा रुस्तम आहे तो कॅपिटल वाय! स्मॉल वाय नेहमीचं वर्ष देतो, कॅपिटल वाय आठवड्याच्या हिशेबाचं. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मोडतो, त्यामुळे कॅपिटल वायने तो ३० डिसेंबर २०२५ असा छापला जातो. वर्षभर टेस्ट हिरव्यागार, म्हणजे पास; घोळ फक्त वर्ष बदलतानाच्या दिवसांत. ही तारीख आता आमच्या टेस्टमध्ये कायमची आहे.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते टाइमझोनने. ‘सगळं यूटीसीत (जगभरच्या समान प्रमाणवेळेत) ठेवा’ हा सल्ला घडून गेलेल्या गोष्टींसाठी चोख आहे. पण दर सोमवारी न्यूयॉर्कच्या सकाळी ९ ला चालणारा जॉब, म्हणजे असं आपोआप चालणारं काम, घ्या. तिथली घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे करतात. हिवाळ्यात ती वेळ यूटीसीनुसार १४:०० असते, उन्हाळ्यात १३:००. जानेवारीत १४:०० लिहून ठेवलं, तर ९ मार्च २०२५ ला घड्याळं पुढे गेल्यानंतर तोच जॉब तिथल्या १० वाजता चालणार. म्हणून तिथली वेळ आणि झोनचं पूर्ण नाव, अमेरिका/न्यूयॉर्क, असं साठवलं. यूटीसी प्रत्येक वेळी त्यावरून काढायची. नुसतं ‘उणे पाच तास’ लिहून भागत नाही.

तरीही ९ मार्चला रात्री २:३० कधी वाजलेच नाहीत, आणि २ नोव्हेंबरला घड्याळं मागे आल्याने १:३० दोनदा वाजले. जावा पहिल्या प्रसंगी ३:३० धरतं, दुसऱ्या प्रसंगी आधीचे १:३०. बॅकअपसाठी मी तेच चालू दिलं. बिलिंगच्या जॉबचं मात्र मी परस्पर ठरवलं नाही. हिशेब बघणाऱ्यांना विचारलं, तर त्यांनी तो जॉब सरळ पहाटे ४ वर नेला.